न्यूमोनियाचा गंभीर रुग्ण: श्वासाला आधार आणि पोटाला अन्न

पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाबाहेर, म्हणजे आयसीयूबाहेर, बसलेल्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ‘ऑक्सिजन किती आहे?’ आणि दुसरा, ‘पोटात काही गेले का?’ पहिल्याचे उत्तर आकड्यात मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘सलाईन चालू आहे’ एवढ्यावर आटोपते आणि घरची मंडळी त्यावर समाधान मानून घेतात. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. श्वास घेण्याचे काम स्नायू करतात, त्या स्नायूंना अन्न लागते, आणि रुग्ण तोंडाने खाऊ शकेल की नाही हे त्याचा श्वास कोणत्या साधनाच्या आधारे चालू आहे त्यावर ठरते. शिवाय गेल्या पंचवीसेक वर्षांत या दोन्ही बाबतींत वैद्यकाची समज एकाच दिशेने सरकली आहे: हवा असो वा अन्न, आजाराच्या ऐन भरात ते बेताने द्यायचे. हे ‘बेताने’ म्हणजे नेमके किती आणि कधीपर्यंत, हे समजले तर आयसीयूतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी फुप्फुसात काय घडते ते पाहू. श्वासनलिकेच्या फांद्या बारीक होत होत शेवटी हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपाशी संपतात. या पिशव्यांना वायुकोश म्हणतात आणि प्रौढ माणसात त्यांची संख्या काही कोटींत असते. हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो तो इथून. न्यूमोनियात जंतुसंसर्गामुळे या कोशांमध्ये सूज येते, पाणी आणि पू साठतो, आणि जिथे हवा असायला हवी तिथे द्रव भरतो. अशा भागातून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच हृदयाकडे परतते. नुसता ऑक्सिजन वाढवून दरवेळी का भागत नाही याचे उत्तर इथेच आहे. आपल्या भोवतालच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नळीवाटे तो १०० टक्क्यांपर्यंत नेला तरी ज्या कोशापर्यंत हवा पोचतच नाही त्याला त्याचा काही उपयोग नाही. तिथे कोश उघडणे भाग असते.

दुसरी अडचण अशी की सुजलेले, पाण्याने जड झालेले फुप्फुस ताठर होते आणि प्रत्येक श्वासाला जास्त जोर लावावा लागतो. एरवी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते त्यातला पाच टक्क्यांहून कमी वाटा श्वासाच्या स्नायूंवर खर्च होतो. धाप लागलेल्या गंभीर रुग्णात हा वाटा वीस टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणजे ऑक्सिजनची आवक घटलेली असतानाच तो मिळवण्याचा खर्च कितीतरी वाढतो. म्हणूनच मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त श्वास हे गंभीर न्यूमोनियाचे महत्त्वाचे लक्षण मानले जाते. त्याच्या जोडीला रुग्ण गोंधळल्यासारखा बोलणे, वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाणे, रक्तातील युरिया वाढणे आणि वय ६५ किंवा अधिक असणे, या गोष्टी पाहून डॉक्टर धोक्याचा अंदाज घेतात. घरी रुग्णाचे श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजावेत, आणि तेही त्याला न सांगता. सांगितले की माणूस नकळत श्वास बदलतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी आला आहे, पण श्वासाची गती मोजायची सवय काही आली नाही, हे मला खटकते.

पुणेकरांना २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत आलेली जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आठवत असेल. त्यातले काही रुग्ण व्हेंटिलेटरवर होते, पण मूळ आजार फुप्फुसाचा नव्हता. मज्जातंतूंना इजा झाल्याने श्वासाचे स्नायू लुळे पडले होते. न्यूमोनियात सुरुवातीला परिस्थिती याच्या उलट असते. स्नायू धडधाकट, फुप्फुस मात्र भरलेले. पण आजार लांबला की स्नायूही खंगत जातात आणि मग फुप्फुस सुधारूनही रुग्ण यंत्रावरून निघत नाही. आहाराचा विषय महत्त्वाचा होतो तो या दुसऱ्या टप्प्यामुळे.

श्वासाचा आधार: पायरी पायरीने

न्यूमोनियावरचा मूळ इलाज प्रतिजैविकांचा, आणि जंतूऐवजी इन्फ्लुएन्झासारखा विषाणू असेल तर त्यावरच्या औषधाचा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला होता, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना विषाणूच्या न्यूमोनियाची ओळख कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. मात्र ऑक्सिजन, मास्क किंवा व्हेंटिलेटर यांपैकी कशानेही न्यूमोनिया बरा होत नाही. औषधांना काम करायला आणि शरीराला सावरायला जो वेळ लागतो तेवढा वेळ रुग्णाला तगवून धरणे, एवढेच यंत्राचे काम.

पहिली पायरी नाकातल्या दोन लहान नळ्यांची. त्यातून मिनिटाला एक ते सहा लिटर ऑक्सिजन देता येतो. त्याने भागले नाही तर साधा मास्क, त्यानंतर पिशवी लावलेला मास्क, ज्यातून १० ते १५ लिटर सोडतात. किती द्यायचा ते ऑक्सिमीटरवरचा आकडा पाहून ठरते, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आकडा १०० दाखवला म्हणजे उत्तम, असे नाही. बहुतेक रुग्णांत ९२ ते ९६ च्या दरम्यानचा आकडा पुरेसा असतो. वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढून किंवा चुलीच्या धुरात राहून ज्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, झाला आहे आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यात तर ८८ ते ९२ एवढेच उद्दिष्ट ठेवतात. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन शरीराला अपायच करतो. त्यामुळे सिस्टरने ऑक्सिजन कमी केला म्हणून भांडायला जाण्याआधी कारण विचारावे.

यापुढची पायरी म्हणजे हाय फ्लो. यात गरम केलेली, दमट केलेली हवा आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण मिनिटाला साठ लिटरपर्यंत वेगाने नाकातून दिले जाते. धाप लागलेला रुग्ण फार जोराने हवा ओढत असतो. साध्या नळीचा प्रवाह त्याला अपुरा पडतो आणि बाहेरची हवा त्यात मिसळून ऑक्सिजन पातळ होतो. हाय फ्लोमध्ये हे टळते आणि घसा कोरडा पडत नाही. आहाराच्या दृष्टीने याचा मोठा फायदा असा की तोंड मोकळे राहते. रुग्ण शुद्धीवर असेल, धाप आटोक्यात असेल आणि नीट गिळू शकत असेल तर तो थोडे थोडे खाऊ शकतो.

बायपॅपचे तसे नाही. त्याचा मास्क नाक आणि तोंड दोन्ही घट्ट झाकतो आणि दाबाने हवा आत ढकलतो. ती हवा काही प्रमाणात जठरातही जाते, पोट फुगते, आणि अशा स्थितीत उलटी झाली तर ती मास्कमधून बाहेर न पडता थेट श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. म्हणून ‘जरा मास्क काढून दोन घास भरवू का?’ या प्रश्नाला डॉक्टर नकार देतात तेव्हा त्यात निष्ठुरपणा नसतो. काही रुग्णांना मास्कमधून सुट्टी दिली जाते आणि त्या वेळात खाता येते. पण दहा मिनिटांत ऑक्सिजन घसरू लागणारा रुग्ण खाण्याच्या स्थितीत नसतो. असे रुग्ण सलग तीन-चार दिवस जवळजवळ उपाशी राहतात. माझ्या मते आयसीयूत सर्वांत दुर्लक्षित होणारा गट हाच. व्हेंटिलेटरच्या रुग्णाला निदान अन्नाची नळी घातलेली असते. याला ना धड जेवता येते, ना नळी असते.

एवढे करूनही रुग्ण थकत चालला, भान हरपू लागले किंवा ऑक्सिजन टिकेना, तर घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागतो. हा निर्णय फार लांबवणेही घातक असते. ‘एकदा व्हेंटिलेटरवर गेला की माणूस परत येत नाही’ असे सर्रास बोलले जाते. जे सर्वांत अत्यवस्थ असतात त्यांनाच तो लावला जात असल्यामुळे ही समजूत पसरली आहे. असंख्य रुग्ण त्यावरून उतरून घरी गेले आहेत.

व्हेंटिलेटर कसा लावायचा याबाबत २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोठा बदल घडवला. तोपर्यंत रक्तातले आकडे चांगले दिसावेत म्हणून प्रत्येक श्वासाला भरपूर हवा भरायची पद्धत होती. या अभ्यासात फुप्फुसाला गंभीर इजा झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला प्रत्येक श्वासात दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिली, दुसऱ्याला ६. पहिल्या गटात शंभरातले सुमारे ४० रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१. जास्त हवेने उरलेसुरले चांगले वायुकोशही ताणले जाऊन फाटत होते, सुजत होते. तेव्हापासून कमी हवा हा नियम झाला. यातले किलो मात्र वजनकाट्यावरचे नसतात, उंचीवरून काढलेले असतात. म्हणून आयसीयूत सिस्टर झोपलेल्या रुग्णाची उंची टेपने मोजताना दिसते. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी हिशोबाचे वजन ६६ किलो येते आणि एका श्वासाची हवा ४०० मिलिलिटरच्या आसपास. त्याचे खरे वजन ९५ किलो असले तरी आकडा तोच राहतो, कारण पोट सुटल्याने फुप्फुस काही मोठे होत नाही.

याच्या जोडीला श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखून ठेवतात. ओली प्लास्टिकची पिशवी पूर्ण मिटली की तिच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा उघडायला जोर लागतो. थोडी हवा आत राहू दिली तर ती सहज फुगते. द्रवाने ओलावलेल्या वायुकोशांचेही तसेच आहे. आणि त्याही पुढचा उपाय म्हणजे रुग्णाला पालथे झोपवणे. उताण्या स्थितीत पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि सुजलेल्या फुप्फुसाच्या भाराखाली दबलेला असतो. पालथे केल्यावर तो उघडतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात अतिगंभीर रुग्णांना दिवसातून सोळा तासांच्या वर पालथे ठेवले, तेव्हा २८ दिवसांतला मृत्यूचा दर सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पण एका रुग्णाला नळ्यांसकट सुरक्षितपणे उलटे करायला चार-पाच माणसे लागतात.

सलाईनमध्ये काय असते

आता अन्नाकडे. सलाईनने पोट भरते, ताकद येते, हा आपल्याकडचा खोलवर रुजलेला समज आहे. साधे सलाईन म्हणजे मीठ-पाणी. एक लिटर बाटलीत नऊ ग्रॅम मीठ असते आणि उष्मांक, म्हणजे कॅलरी, शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत पन्नास ग्रॅम साखर असते. तिच्यातून १७० ते २०० कॅलरी मिळतात, साधारण दोन पोळ्यांइतक्या, आणि प्रथिने अजिबात नाहीत. शरीरातले पाणी आणि क्षार राखायला सलाईन आवश्यक आहे, पण तीन दिवस फक्त सलाईनवर असलेला रुग्ण तीन दिवस उपाशी आहे.

निरोगी माणूस तीन दिवस उपाशी राहिला तर शरीर हळूहळू चरबी वापरू लागते आणि स्नायू राखते. तीव्र संसर्गात शरीराचा हा शहाणपणा हरपतो. ताण वाढवणारी संप्रेरके आणि सूज आणणारी द्रव्ये स्नायूंतली प्रथिने तोडत राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला होता. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी १८ टक्क्यांच्या जवळपास घटले. श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या मुख्य स्नायूचे, तर आणखी वाईट. सगळे काम व्हेंटिलेटर करू लागला आणि श्वासपटल पूर्ण स्वस्थ राहिले तर एक ते तीन दिवसांतच त्याचे तंतू बारीक होऊ लागतात.

हे वाचून कोणालाही वाटेल की मग पहिल्या दिवसापासून भरपूर खायला घालावे. डॉक्टरांनाही कित्येक वर्षे तसेच वाटत होते. पण आजाराच्या पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच यकृतातून साखर तयार करून रक्तात सोडत असते, आणि बाहेरून कितीही अन्न दिले तरी ती प्रक्रिया थांबत नाही. वरून पूर्ण आहार दिला तर साखर वाढते, यकृतावर चरबी साठते आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा शेवटचा मुद्दा फुप्फुसाच्या रुग्णात महत्त्वाचा. जादा कर्बोदके जाळताना जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला जास्त श्वास घ्यावे लागतात. म्हणजे अति भरवल्याने धाप वाढू शकते.

म्हणून सध्याची पद्धत अशी आहे. नळी टाकलेल्या रुग्णाला पहिल्या २४ ते ४८ तासांत पोटातून अन्न सुरू करायचे, पण थोडे. साठ किलोच्या रुग्णाला ताशी वीस मिलिलिटरने सुरुवात केली, आणि मिलिलिटरमागे एक कॅलरी धरली, तर दिवसाला ४८० कॅलरी जातात. गरजेच्या मानाने हे कमी असते आणि ते मुद्दाम कमी ठेवलेले असते. आतड्याचे अस्तर शाबूत राहायला एवढेही उपयोगी पडते. तीन-चार दिवसांनी वाढवत, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस किलोमागे २० ते २५ कॅलरी, म्हणजे या रुग्णाला बाराशे ते पंधराशे, आणि प्रथिने किलोमागे १.२ ते १.३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७० ते ८० ग्रॅम, इथपर्यंत पोचायचे. प्रथिने याच्या दुपटीने दिली तर स्नायू वाचतील, ही आशा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात खरी ठरली नाही. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत तर जादा प्रथिनांनी नुकसान झाल्याची चिन्हे दिसली. रक्तदाब औषधांनीही टिकत नसेल, तर तो स्थिरावेपर्यंत अन्न रोखून धरतात, कारण अशा वेळी आतड्याला पुरेसे रक्त मिळत नसते.

हिशोबात एक गंमत असते. व्हेंटिलेटरच्या रुग्णाला झोपवण्यासाठी दुधासारखे पांढरे दिसणारे प्रोपोफॉल हे औषध सिरिंज पंपातून देतात. ते चरबीच्या द्रावणात कालवलेले असते आणि मिलिलिटरमागे १.१ कॅलरी देते. ताशी पंधरा मिलिलिटर चालू असेल तर दिवसाला चारशेच्या आसपास कॅलरी औषधातूनच जातात. चांगला आहारतज्ज्ञ तेवढ्या कॅलरी नळीतल्या अन्नातून वजा करतो.

जो रुग्ण आधीपासूनच कुपोषित आहे, खूप दारू पिणारा आहे किंवा आठवडाभर ज्याच्या पोटात काही गेलेले नाही, त्याच्यात आणखी जपावे लागते. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढले जाऊन रक्तात त्यांची पातळी कोसळते. फॉस्फेटअभावी श्वासपटलाला ऊर्जा मिळत नाही. व्हेंटिलेटर निघत नसलेल्या रुग्णात फॉस्फेट तपासतात ते यासाठी. अशांना आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देऊन मगच अन्न हळूहळू वाढवतात.

नळी, डबा आणि शहाळे

नाकातून जठरात जाणाऱ्या नळीला रुग्णालयात रायल्स ट्यूब म्हणतात. ती जागेवर आहे याची खात्री, सहसा एक्स-रे काढून, झाल्याशिवाय तिच्यातून थेंबही देत नाहीत, कारण चुकून श्वासनलिकेत गेलेल्या नळीतून दिलेले अन्न जिवावर बेतते. अन्न देताना आणि नंतरही पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. ही साधी गोष्ट नातेवाईकही पाहू शकतात: भेटीच्या वेळी रुग्ण सपाट झोपलेला दिसला तर सिस्टरला नम्रपणे विचारावे. पालथ्या रुग्णालाही नळीतून अन्न देता येते. वेग कमी ठेवतात आणि पलंग डोक्याकडून थोडा तिरपा करतात. पोट अन्न स्वीकारत नसेल तर आधी जठर रिकामे होण्याची औषधे, मग नळी पुढे लहान आतड्यात नेणे, आणि काहीच जमले नाही तर काही दिवसांनी शिरेतून पोषण, असा क्रम असतो. शिरेतले पोषण महाग असते आणि त्यात संसर्गाची भीती असते, तेव्हा ‘शिरेतूनच ताकदीचे द्या’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

नळीतून काय जाते? काही रुग्णालयांत स्वयंपाकघरातच दूध, डाळ, तांदूळ, तेल शिजवून, बारीक वाटून, गाळून पातळ आहार करतात. काही ठिकाणी डब्यातली तयार पावडर पाण्यात कालवतात. पावडरीत किती कॅलरी आणि प्रथिने गेली याचा हिशोब चोख राहतो आणि जंतू शिरण्याचा धोका कमी असतो. घरगुती आहार स्वस्त पडतो, पण नळीत अडकू नये म्हणून इतका पातळ केला जातो की त्यातले पोषणही पातळ होते. शाकाहारी घरांनी तसे आधीच सांगून ठेवावे. या पावडरींमधली प्रथिने बहुधा दुधाची किंवा सोयाबीनची असतात, त्यामुळे सहसा अडचण येत नाही.

घरच्यांना काहीतरी करावेसे वाटते हे स्वाभाविक आहे, आणि रुग्णालयाबाहेरच्या गाडीवरून शहाळे आणणे हा त्यातला सर्वांत सोपा मार्ग. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि प्रथिने नसल्यातच जमा. मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णात, आणि गंभीर न्यूमोनियात ते मंदावणे नेहमीचे आहे, वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. शहाळे चांगले की वाईट हा प्रश्नच नाही. त्या दिवशीचा पोटॅशियमचा रिपोर्ट काय म्हणतो हा प्रश्न आहे. काढा, अंगारा किंवा तीर्थ नळीतून गुपचूप देणे मात्र सर्वथा टाळावे.

साखरेचेही सांगायला हवे. मधुमेह नसलेल्यांचीही साखर तीव्र आजारात वाढते. गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिझोन या स्टेरॉइडने मृत्यूचे प्रमाण घटते असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात दिसले आणि त्यानंतर त्याचा वापर वाढला. या औषधानेही साखर चढते. तेव्हा इन्सुलिन देऊन ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. नळीतले अन्न काही कारणाने थांबवले आणि इन्सुलिन तसेच चालू राहिले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते.

नळी निघाल्यावर

रुग्ण सुधारू लागला की रोज गुंगी कमी करून अर्धा ते दोन तास त्याला जवळजवळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. हे जमले की घशातली नळी काढतात. या क्षणी घरच्यांचा पहिला विचार ‘आता पाणी पाजू’ असा असतो, आणि धोका इथेच असतो. काही दिवस घशात नळी राहिल्याने गिळण्याचे स्नायू आणि तिथली संवेदना मंदावलेली असते. पाणी चुकीच्या वाटेने गेले तरी खोकला येत नाही. आश्चर्य वाटेल, पण अशा वेळी पाण्यापेक्षा दाटसर पदार्थ गिळणे सोपे असते, कारण पाणी वेगाने घरंगळते. प्रशिक्षित व्यक्तीने गिळणे तपासल्यावर दाट पेज, मऊ खिचडी, घट्ट दही अशा क्रमाने जातात. घोट घेतल्यावर आवाज घोगरा आणि ओलसर येऊ लागला, तर लगेच थांबावे. ज्यांची नळी लवकर निघत नाही त्यांना दहा-पंधरा दिवसांच्या सुमारास गळ्याला छिद्र पाडून ट्रॅकिओस्टॉमी करतात. ती ऐकायला भयंकर वाटते, पण त्यामुळे गुंगीची औषधे कमी होतात आणि रुग्णाला बसवता-हलवता येते.

डिस्चार्जनंतरचा काळ माझ्या दृष्टीने आहाराचा खरा काळ आहे, आणि नेमक्या याच वेळी आहारतज्ज्ञाची साथ सुटते. संसर्ग ओसरला की शरीर पुन्हा स्नायू बांधायला तयार होते. पहिल्या आठवड्यात जे जास्त ठरत होते ते आता कमी पडते: किलोमागे ३० कॅलरी किंवा त्याहून जास्त, आणि प्रथिने दीड ग्रॅमपर्यंत. आपल्याकडे मात्र आजाऱ्याला ‘हलके’ द्यायची रीत आहे, आणि हलके म्हणजे भाताची पेज, साबुदाण्याची खीर, मोसंबीचा रस. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिने नसतात. त्यापेक्षा त्याच पेजेत मुगाची डाळ दुप्पट घालावी, वर तूप घ्यावे. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास प्रथिने असतात. धाप लागणाऱ्या माणसाला मोठे ताट रिचवता येत नाही. पोट गच्च भरले की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडे, टेकून बसून, आणि नाकाला ऑक्सिजन असेल तर तो जेवताना काढून न ठेवता. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

नुसत्या खाण्याने स्नायू येत नाहीत, त्यांना काम लागते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम खाण्याच्या जोडीने चालला तरच प्रथिने कामी येतात. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे हे त्याचे सोपे मोजमाप आहे: आठवड्याच्या अंतराने मोजत राहावे, आणि त्याच दिवशी वजनही नोंदवावे. ऑक्सिमीटर ९६ दाखवत असूनही महिनाभरात ना वजन वाढले ना उठणे सुधारले, तर पुढच्या तपासणीला जाताना ती वही सोबत न्यावी आणि डॉक्टरांना फुप्फुसाइतकेच आहाराविषयीही विचारावे.